बसलेल्या गाईचं औषध

माझं शिक्षण चौथी. तेही दाभोळ खाडीच्या काठच्या शाळेत, जिथे मास्तर मनात आलं तरच यायचे. हे सगळं मी वहीत लिहिलं आणि सुनेने टाईप केलं. तिला बजावलंय, एक शब्द जरी सुधारलास तर तुझ्या हातचं जेवणार नाही. तेव्हा चुका दिसतील त्या माझ्या आहेत आणि त्या राहू द्या.

लिहायचं कारण एकच. सौदीत डेअरीवर काम करणारे आपले लोक पुष्कळ आहेत आणि त्यातल्या काहींच्या ट्रंकेत कपड्यांखाली एक छोटी बाटली असते. मला माहीत आहे. माझी ट्रंकेत नव्हती, डेअरीच्या कपाटात होती, एवढाच फरक. हे लोक स्वतःला फार हुशार समजतात. मीही समजत होतो. हे त्यांच्यासाठी आहे. बाकीच्यांनी नाही वाचलं तरी माझं काही अडत नाही.

टेन्शनवाले

मी अल खर्जला एका डेअरीवर सदतीस वर्षं काढली. सगळी व्यायच्या गोठ्यात. वासरू आडवं आलं, पाय मागे राहिला, गाय दमली, की मला बोलवायचे. दोर लावून, गुडघे रोवून वासरू ओढायचं. बाहेर पन्नास डिग्री, आत पंख्यांतून पाण्याचा फवारा, तो गाईंसाठी. आमच्यासाठी नाही. आमची तक्रारही नव्हती.

तर टेन्शन या शब्दाचा मला राग आहे.

माझा मुलगा इम्रान दम्मामला ट्रेडिंग कंपनीत आहे. एसीत बसतो, एसी गाडीतून घरी येतो, एसीत झोपतो, आणि मनगटावरचं घड्याळ बघून मला फोनवर सांगतो, "अब्बा, आज माझा स्ट्रेस हाय दाखवतोय." घड्याळ दाखवतं! आपल्या जिवाला काय होतंय ते कळायलाही ह्याला यंत्र लागतं. सून शबाना जेवणाआधी कसलंसं हिरवं पाणी पिते. का, तर अंगातलं कोर्टिसोल कमी व्हावं. फोनवर कुणीतरी बाई सांगते म्हणे. नात सारा इंडियन स्कूलमध्ये सातवीला. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. एकदा तिच्यावर ओरडलो तर म्हणाली, "दादा, यू आर स्ट्रेस्ड. टेक अ डीप ब्रेथ."

मी म्हटलं, "श्वास मी तुझा बाप जन्मायच्या आधीपासून घेतोय. शिकवू नकोस."

गाईला टेन्शन येतं हे मात्र मी मानत होतो. ह्या काळ्या-पांढऱ्या गाई थंड मुलखातल्या. नवा माणूस आत शिरला, कुणी पत्रा आपटला, की बिथरतात आणि पान्हा चोरतात. कास टच्च भरलेली, पण सोडायचं नाव नाही. लस टोचायच्या दिवशी दूध घटणारच. डेअरीचे मोठे डॉक्टर सांगायचे की भीतीने गाईच्या रक्तात एक रस उतरतो आणि तो दुधाची वाट अडवतो. त्यावर मी मान डोलवायचो. पण तेच माणसाबद्दल कुणी बोललं की मला ती थेरं वाटायची. गाय बिचारी मुकी आहे. माणसाला काय धाड भरलीय?

सुई

साठी उलटली आणि गुडघ्यांनी दगा दिला. उकिडवं बसलो की उठता येईना. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, वजन कमी करा आणि जिने चढू नका. अल खर्जच्या वाळवंटात, गोठ्यात, मी कुठला जिना चढत होतो ते त्यालाच ठाऊक. त्याच्याकडे पुन्हा गेलो नाही.

गोठ्यात कधी एखादी गाय बसते. सांधे सुजलेले, चारा सोडलेला, डोळे मेलेले. चार माणसं लावली तरी उठत नाही. मग तिला एक सुई देतात. सकाळी दिली की दुसऱ्या दिवशी ती उभी राहून गव्हाणीत तोंड घालते. हे मी शेकडो वेळा पाहिलं होतं. बसलेली गाय उठते तर बसलेला माणूस का उठू नये? इतका साधा हिशेब ह्या शिकलेल्यांना कसा सुचत नाही, असं मला वाटायचं.

औषधांचं कपाट ज्याच्या ताब्यात होतं तो सांगलीकडचा. त्याला मी इथे संपत म्हणतो, हे त्याचं खरं नाव नाही. पंचेचाळिशीचा, जनावरांच्या डॉक्टरचा मदतनीस, हात हलका.

"चाचा, ह्ये जनावराचं हाय. मानसाला न्हाई द्यायचं," तो म्हणाला.

"मी राबतो ते माणसासारखं राबतो का?"

"चेष्टा नगा करू. मला घरी धाडतील."

"कोण सांगणार? मी? आईची शपथ, मेलो तरी तुझं नाव घेणार नाही. का हात कापतोय तुझा? सांगलीवाल्यांनी नुसत्या कुस्तीच्या गप्पा माराव्यात."

पंधरा दिवस मी त्याला असा टोचला, तेव्हा त्याने मला टोचलं. गाईच्या मानाने किती, ते मी लिहिणार नाही. लिहिलं तर कुणीतरी दीडशहाणा मोजून घेईल.

दुसऱ्या दिवशी पहाटे फज्रच्या नमाजला मी खाली बसून, जमिनीला कपाळ टेकून सिजदा केला. दोन वर्षं खुर्चीवर बसून नमाज पढत होतो. मला सांगा, असं झाल्यावर कोण थांबेल? मी नाही थांबलो. आधी महिन्याने एक, मग पंधरा दिवसांनी, मग दर जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारच्या शुक्रवारी. तीन वर्षं.

भूक अशी की ताटातली शेवटची शितं मी बोटाने पुसायचो. तोंड गोल झालं. गावाहून बायको हमीदा व्हिडिओवर बघून म्हणाली, "तुमचं तोंड तांदळाच्या भाकरीवानी फुगलंय." मी म्हटलं, सौदीचं खाणं अंगी लागलं. जरा कुठे हात आपटला की कातडीवर जांभळे डाग पडायचे, तेही मी बाहीखाली झाकायचो. गुडघेदुखीच्या रजा घेणाऱ्या चाळिशीतल्या पोरांना मी तोंडावर हसायचो. मला वाटायचं, अल्लाने मला वेगळ्या मातीचा बनवलाय. ती माती कपाटातून येत होती हे मी विसरलो होतो.

दाढ

संपत दोन महिन्यांच्या सुट्टीवर गावी गेला. जाताना विचारलं त्याने, "चाचा, तुमचं कसं?" मी म्हटलं, "माझं काय? मी काय दारुडा आहे?" कपाट एका नव्या माणसाकडे गेलं. त्याच्याकडे मी मागितलं नाही. मागणं मला जमत नाही.

पहिला आठवडा बरा गेला. मग अर्धी रोटी जाईना. सकाळी पोटुशी बाईसारख्या ओकाऱ्या. उभा राहिलो की डोळ्यांपुढे अंधार. गुडघ्यांचं सोडा, बोटांची पेरंही ठणकायची. तोंडावरची सूज उतरली, तिच्याबरोबर अंगातलं बळही उतरलं. मी म्हटलं ऑगस्ट आहे, उन्हाने होतंय. सगळ्यांना होतं.

त्यात दाढ सुजली. दाताच्या डॉक्टरने विचारलं, "कुठलं औषध चालू आहे?" मी म्हटलं, "मला औषध लागत नाही." मोठ्या ऐटीत म्हटलं. त्याने दाढ उपटली.

दुसऱ्या दिवशी अंगात ताप घेऊन कामावर गेलो. पहिलटकरीण कालवड होती, वासराचे खूर बाहेर आलेले. मी दोर लावला, ओढायला वाकलो आणि तसाच शेणात तोंडावर पडलो. शुद्ध पूर्ण गेली नव्हती. कालवड मान वळवून माझ्याकडे बघत होती ते आठवतं. तिच्या नजरेत मला जी तुच्छता दिसली ती आजवर कुठल्याही माणसाने माझ्यावर दाखवलेली नाही. वासरू दुसऱ्यांनी ओढलं. मला गाडीत टाकलं.

सदतीस वर्षं गाईंच्या लाथा खाऊन जो पडला नाही, तो एका दाढेने पाडला.

वॉर्ड

हॉस्पिटलात पहिलं काय करतात, तर माणसाची अब्रू काढून घेतात आणि मागून उघडा एक झगा देतात. त्यात बादशहालाही घाला, भिकारी दिसेल.

रक्ताचा दाब खाली गेलेला. सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या चढवल्या, तरी तो वर यायला तयार नाही. साखर कमी, मीठ कमी. दाढेचा पू रक्तात गेला असेल म्हणून त्याची औषधं चालू केली. पहाटे रक्त काढायचं, दुपारी रक्त काढायचं. धार काढायलासुद्धा आम्ही वेळ पाळायचो, ह्यांना तेवढीही शिस्त नव्हती.

सिस्टर जेसी केरळची. "चाचा, हिलो मत, नस भाग जाता है."

मी म्हटलं, "मैं नहीं भागा सैंतीस साल, नस क्या भागेगी."

"बात करने का ताकत है, पानी पीने का नहीं है," ती म्हणाली. खरं होतं. पाण्याचा पेला उचलता येईना, अर्धं पाणी छातीवर. तेवढ्यात डेअरीवरचे चारपाच जण भेटायला आत येताना दिसले. जेसीने पडदा ओढला, माझी छाती पुसली, पेला तोंडाला लावला आणि मगच पडदा उघडला. त्या आजारपणात माझ्यावर झालेला हा सगळ्यात मोठा उपकार. नंतरच्या सुयांपेक्षाही.

भेटायला येणारे म्हणजे एक वेगळा रोग. एकाने कलौंजीचं तेल आणलं. एकाने सांगितलं, त्याच्या सासऱ्याला असंच झालं होतं आणि तो वारला. हे सांगायला हा ऐंशी किलोमीटर आला होता! आणि प्रत्येकजण जाताना, "चाचा, टेन्शन घेऊ नका."

इम्रान दम्मामहून गाडी हाणत आला. डोळे लाल, हातात फोन, फोनमध्ये माझे सगळे रोग. "अब्बा, धिस कुड बी हार्ट. कुड बी एनीथिंग."

"मराठीत बोल. मी मरतोय, इंग्रजी शिकत नाही."

"तुम्हाला मस्करी सुचते? अम्मीला काय सांगू मी?" त्याचा आवाज फाटला. मी भिंतीकडे तोंड केलं. त्याचं रडणं बघणं मला झेपणार नव्हतं.

डॉक्टरीण सौदी होती. नकाबातून नुसते डोळे. माझ्या नातीपेक्षा पंधराएक वर्षांनी मोठी असेल. मनात म्हटलं, आता हिच्या हाती देणार मला.

"ओ हाजी," तिने अरबीत विचारलं, "कुठल्या गोळ्या घेता? सांधेदुखीच्या? इंजेक्शन?"

"कधीच नाही."

तिने चादर बाजूला करून मांडी पाहिली. "हे काय आहे?"

"माशा चावल्या."

"माशा एकाच जागी चावतात? अशा ओळीने?"

"सौदीच्या माशा शिस्तीच्या आहेत."

तिचे डोळे हसले नाहीत. ती गेली.

अरबीतून

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्टूल ओढून माझ्या उशाशी बसली. डॉक्टर बसला की समजावं, बातमी वाईट आहे.

ती म्हणाली, "मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन लहान गाठी असतात. ताप आला, दात काढला, अपघात झाला, कुणी गेल्याची बातमी आली, की मेंदू हुकूम पाठवतो आणि त्या एक रस सोडतात. त्या रसावर माणूस संकटात उभा राहतो. रक्ताला दाब राहतो, साखर टिकते. पण तोच रस बाहेरून सुईने मिळत राहिला तर मेंदू हुकूम द्यायचा थांबतो. मग त्या गाठी सुकतात. सुई एकदम बंद झाली आणि वर संकट आलं, की द्यायला काही नसतं. मला वाटतं तुमचं हेच झालंय."

"त्या रसाचं नाव काय?"

"कोर्टिसोल."

जो रस कमी व्हावा म्हणून माझी सून हिरवं पाणी ढोसते, तो माझ्यात संपला होता म्हणून मी मरत होतो. त्या अवस्थेतही मला त्या फोनवरच्या बाईला दोन शब्द सुनवावेसे वाटले.

ती पुढे म्हणाली, "औषध माझ्याकडे आहे. पण तुमच्या जबड्यात पू आहे, आणि मी चुकत असले तर त्या औषधाने तो पसरू शकतो. म्हणून शेवटचं विचारते. तुम्हाला सुया कुणी दिल्या का?"

मला सगळं लख्ख कळलं होतं. गाय पिळायची थांबवली की आटते. तीन वर्षं माझ्या त्या गाठींकडे कुणी काही मागितलंच नव्हतं. त्या आटल्या. आटलेल्या गाईला पुढच्या वेताला तरी दूध येतं. माझं कुठलं आलंय वेत! तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली. मी आजवर भीतीला हसलो ते भीती भेटली नव्हती म्हणून.

आणि बोलायचं तर शपथ मोडायची, संपतची भाकरी काढून घ्यायची. वर पोराच्या समोर सांगायचं की तुझा बाप गाईचं इंजेक्शन टोचून घेत होता. इम्रान पायथ्याशी उभा.

"जा, चहा घेऊन ये," मी म्हटलं.

"अब्बा, तुम्हाला चहा बंद आहे."

"तुझ्यासाठी आण."

"मला नकोय."

आयुष्यभर सांगितलेलं न ऐकणारं कार्टं, त्या दिवशी कसं ऐकेल? मग आठवलं, आम्ही अरबीत बोलतोय आणि ह्याला अरबी येत नाही. एमबीए झालाय, पण पंधरा वर्षांत शुक्रन आणि खलासच्या पुढे गेला नाही. मी चौथी पास, पण कफीलाशी, म्हणजे तिथल्या मालकाशी, भांडून अरबी शिकलेला माणूस. मी तिला अरबीतून सगळं सांगितलं. गाय, बाटली, तीन वर्षं, दर जुम्मा. आवाज असा ठेवला जणू हवापाण्याच्या गप्पा मारतोय.

मला वाटलं ती हसेल. तिने विचारलं, "गाय किती वजनाची?"

"सहाशे किलो."

"आणि तुम्ही?"

"अडुसष्ट."

तिने क्षणभर डोळे मिटले. मग उठून जेसीला हाक मारली आणि तिथल्या तिथे सुई द्यायला लावली.

"काय म्हणालात तिला एवढं?" इम्रानने विचारलं.

"ऊन फार आहे म्हटलं."

पण फजिती टळायची नव्हती. डॉक्टरणीला बाटलीवरचं नाव हवं होतं. मला तिचा रंग, बूच, उंची सगळं माहीत. नाव इंग्रजीत, ते वाचता येत नाही. सांगू शकणारा एकच माणूस, आणि त्याच्याशी मराठीतच बोलायला लागणार. फोन कानाशी धरवेना म्हणून जेसीने तो स्पीकरवर लावला.

"संपत, त्या बाटलीवरचं नाव सांग."

पलीकडे म्हशीचा आवाज. "चाचा, कोन हाय तितं?"

"डॉक्टर आहे. मी हॉस्पिटलात आहे. मरत होतो."

"तुमी आईची शपथ घेतलीती."

"मोडली. आई माझी आहे, तिचं मी बघून घेईन. नाव सांग."

त्याने एकेक अक्षर करून सांगितलं. इम्रानने लिहून घेतलं, बापाकडे न बघता. मग संपत म्हणाला, "किती दिलं त्ये बी सांगू?"

"सगळं सांग."

"चाचा, मला वाटलं, मी नसताना दुसऱ्याकडनं घेताय तुमी."

"तुझ्याशिवाय कुणाकडे मी कधी काही मागितलंय का रे?"

तो रडायला लागला. मी जेसीला फोन बंद करायला सांगितलं.

इम्रानने हातातला कागद पुन्हा वाचला. "अब्बा... गाईचं?"

"मग काय, कोंबडीचं?"

तो हसला नाही. बाहेर गेला आणि दुपारपर्यंत आला नाही. तोवर माझा दाब वर आला होता, डोकं साफ झालं होतं आणि हॉस्पिटलच्या भाताला चव नाही हे मला कळायला लागलं होतं. जेसी म्हणाली, "चाचा गाली देता है, मतलब ठीक है." इम्रान आला तो वस्तरा आणि साबण घेऊन. माझी दाढी करायला बसला. हनुवटीशी आला तेव्हा म्हणाला, "मला सांगितलं असतं तर गुडघ्यांचं ऑपरेशन केलं नसतं का?" साबण तोंडात जाईल म्हणून गप्प बसलो.

हमीदाला त्याने व्हिडिओवर सगळं सांगितलं. ती पदर तोंडाला लावून ऐकत होती. मग मला म्हणाली, "चाळीस वर्षं मी समजत होते माझ्या घरात बैल आहे."

आता

सध्या मी दम्मामला मुलाकडे व्हिजिट व्हिसावर आहे. तोच रस आता गोळीतून घेतो, सकाळी उठल्याबरोबर आणि दुपारी. डॉक्टर हळूहळू कमी करताहेत. म्हणतात गाठी जाग्या होतील, वर्ष लागेल, जास्तही लागेल, कदाचित नाहीही होणार. गुडघे पुन्हा दुखतात. खुर्चीवर बसून नमाज पढतो.

ताप आला की गोळी वाढवायची असते. उलटी होऊन गोळी पडली तर सरळ हॉस्पिटल. खिशात एक कार्ड आहे, अरबी आणि इंग्रजीत, की हा माणूस बेशुद्ध सापडला तर आधी ही सुई द्या. महिनाभर मी ते कार्ड गादीखाली ठेवलं. गळ्यात पट्टा बांधलेलं जनावर वाटायचं. मग एकदा मशिदीच्या पायरीवर चक्कर आली आणि भोवती जमलेले लोक माझ्या तोंडावर अत्तर शिंपडायला लागले. त्या दिवसापासून कार्ड खिशात आहे. मूर्खांच्या हातून मरण्यापेक्षा पट्टा बरा.

ट्रंकवाल्यांनो, तुमच्याशी बोलतोय. जनावराची बाटली असो, गावच्या हकिमाची बिननावाची पुडी असो, ज्याने एका दिवसात सांधा सुटतो त्यात हेच असतं बहुतेक. ती घेत असाल तर आजच फेकू नका. मी वेगळा आहे, मी एका झटक्यात सोडीन, असं म्हणणारेच पडतात. डॉक्टरकडे जा आणि नाव सांगा. दाढ काढायच्या आधी सांगा. लाज वाटेल. माझ्यापेक्षा जास्त नाही वाटणार. आणि डॉक्टर हसला तर हसू दे, त्याला तरी कुठे रोज हसायला मिळतं?

कागद

एक गोष्ट राहिली. ती लिहायची नव्हती. पण संपत आता कायमचा गावी परतलाय, स्वतःच्या म्हशी पाळतो, आणि त्यानेच फोनवर सांगितलं, "लिवा चाचा, आता काय व्हतंय."

हॉस्पिटलातून सुटायच्या आदल्या दिवशी दुपारी डेअरीचा मॅनेजर आला. जॉर्डनचा माणूस, इस्त्रीचा शर्ट. हॉस्पिटलच्या कागदात औषधाचं नाव होतं आणि ते त्याने ओळखलं होतं. डॉक्टरणीने माणसाचं नाव लिहिलं नव्हतं. मी तिला विनंती केली होती, ती म्हणाली होती, "मी रोग लिहिते, माणसं नाही."

मॅनेजरच्या आधी इम्रान माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "अब्बा, खरं सांगून टाका. त्यानेच दिलं ना? तुमची नोकरी राहील. तुम्ही म्हातारे आहात, आजारी आहात, तुम्हाला कोण दोष देणार?"

हेच मला नको होतं. म्हातारा, आजारी, बिचारा. पंधरा दिवस मी त्या गरीब माणसाला टोचून, घाबरट म्हणून, त्याच्या हातात सुई दिली होती. आणि आता मी बिचारा?

"कुणी दिलं?" मॅनेजरने विचारलं.

"मी घेतलं. कपाटाची किल्ली खिळ्याला असायची."

"चोरून?"

हा शब्द माझ्या बाबतीत त्या डेअरीवर कुणी उच्चारला नव्हता. वासरासाठी काढलेल्या दुधातला घोटसुद्धा मी विचारल्याशिवाय प्यायलो नव्हतो. उठायचं बळ असतं तर मी त्याची गचांडी धरली असती.

"हो," मी म्हटलं. "चोरून."

"तुला बाटलीवरचं वाचता येत नाही. टोचायला कुणी शिकवलं?"

"सदतीस वर्षं तुमच्या डॉक्टरांच्या हातात सुया देतोय. गाढवसुद्धा शिकेल."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला पटलं नव्हतं. पण कागद भरायला त्याला एक माणूस हवा होता आणि तो समोर पडला होता. त्याने बॅगेतून फॉर्म काढला, मांडीवर ठेवून अरबीत लिहिला आणि मला वाचून दाखवला. गोठ्यातला मजूर अमुक अमुक, याने कुणाच्याही नकळत औषध चोरून स्वतः वापरलं, नोकरी समाप्त, फायनल एक्झिट, म्हणजे कायमची घरवापसी. इम्रानला भाषा कळत नव्हती, पण त्याने माझ्या तोंडाकडे बघून डोकं धरलं.

मॅनेजरने पेन पुढे केलं. मी ते घेतलं नाही.

"मजूर नाही," मी म्हटलं. "व्यायच्या गोठ्याचा फोरमन. सोळा वर्षं फोरमन आहे मी. चोर लिहायचा तर लिहा, पण हुद्दा नीट लिहा."

त्याने मजूर खोडून वर फोरमन लिहिलं, खोडलं त्या जागी स्वतःची सही केली. मी त्याच्याकडून पुन्हा पहिल्यापासून वाचून घेतलं.

मग सही केली. मराठीत.